रिसबूडांची वीजबचत

नारायण पेठेत कोणी कोणाला ‘कसं काय’ असं सहसा विचारत नाही. ‘सध्या काय करता?’ असं विचारतात. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असतं. ते तुमच्या तोंडून ऐकण्यात त्याला रस असतो. दीनानाथ रिसबूडांनी हा प्रश्न दहा-बारा वर्षं झेलला. लग्नाच्या पंगतीत झेलला, दूध केंद्रावर झेलला, सीतारामच्या सलूनमध्ये गळ्याला वस्तरा लागलेला असतानाही झेलला. ‘घरीच असतो’ हे उत्तर ते इतक्या हळू द्यायचे की समोरच्याला पुन्हा विचारावं लागायचं, आणि समोरचा ते मोठ्या आनंदाने विचारायचा.

तसे ते जन्माचे रिकामे नव्हते. चिंचवडला पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता, तिथे कॉम्प्रेसर आणि बॉयलरचा सगळा विभाग त्यांच्याकडे होता. मग देशाचे दरवाजे उघडले, आणि बऱ्याच वर्षांनी का होईना, कारखान्यालाही परदेशी भागीदार मिळाला. त्याने येऊन सगळं हिंडून पाहिलं, तोंड भरून कौतुक केलं आणि कौतुक करून झाल्यावर निम्म्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. निरोपाच्या दिवशी रिसबूडांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली, हे त्यांना आजवर समजलेलं नाही.

त्यानंतर घर सुनीतीबाईंच्या पगारावर चाललं. त्या एका सहकारी बँकेत होत्या. त्यांनी हे नवऱ्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण न बोलता रोज दाखवतात असं रिसबूडांना वाटायचं. यात बाईंचा काही दोष नव्हता. रिकाम्या माणसाला भांड्याचा आवाजसुद्धा टोमणा वाटतो.

एक गोष्ट मात्र रिसबूड घरी बसून अगदी मन लावून करत. वीज वाचवत. समोरचा माणूस खोलीतून उठायच्या बेतात आहे असं नुसतं दिसलं, तरी त्यांचा हात बटणाकडे जाई. पाहुणे चाचपडत चपला शोधत. मुलगा पुष्कर बंगळूरला नोकरीला लागला तेव्हा आठवड्याभराने फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, इथे मी उठलो तरी दिवा चालूच राहतो. सवय व्हायला वेळ लागेल.’’ रिसबूडांना यातला टोला कळला नाही असं नाही. त्यांनी मुलाला फक्त एवढंच विचारलं की बिल कोण भरतं.

याच रिकाम्या काळात त्यांनी वीजवापर तपासनिसाची सरकारी परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. पुढे कित्येक वर्षं त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि मग एके दिवशी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्या प्रमाणपत्रामुळे त्यांना वाघोलीच्या निरंतर डेटा पार्कमध्ये नोकरी लागली.

तुम्ही-आम्ही फोनवर मालिका बघतो, क्रिकेट बघतो, कीर्तन ऐकतो, पोराला भरवताना गाणी लावून देतो. हे सगळं आकाशातून येतं अशी लोकांची समजूत असते. त्यातलं बरंचसं वाघोलीहून येत होतं. बिनखिडक्यांची एक भलीथोरली इमारत, आत लोखंडी कपाटांच्या रांगा, आणि त्या कपाटांत ठासून भरलेली यंत्रं, म्हणजे सर्व्हर. ती दिवसरात्र वीज खात आणि तापत. ती तापू नयेत म्हणून दुसरी यंत्रं वीज खात आणि गार वारा सोडत. एवढा गार की मे महिन्यात तिथली मंडळी स्वेटर घालून बसत आणि जेवायच्या सुट्टीत ऊब घ्यायला उन्हात उभी राहत. फाटकाबाहेर ‘वीज वाचवा, वसुंधरा वाचवा’ असा कंपनीचा फलक होता. तो भर दुपारीसुद्धा आतून उजळलेला असे.

या कंपनीच्या परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली होती की प्रत्येक पार्कात एक ऊर्जा व्यवस्थापक हवा. म्हणून रिसबूड. करार मार्चअखेरपर्यंतचा, पुढचं पुढे बघू असा. पण नावाची छापील कार्डं मिळाली. रिसबूडांनी ती अक्षतांसारखी वाटली. सीतारामने आपलं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं, तर ते बघायला रिसबूड महिनाभर गरज नसताना दाढीला गेले. रोज सकाळी स्वारगेटहून कंपनीची बस धरताना ते रांगेत उगाचच ताठ उभे राहत. एक एप्रिलला पुन्हा ‘घरीच असतो’ म्हणायची पाळी येऊ नये, एवढी एकच मागणी त्यांनी आता देवाकडे ठेवली होती.

पार्काचे प्रमुख होते दिग्विजय बिडवे. लातूरचा मुलगा, तिशी नुकती ओलांडलेला, हुशार आणि बोलायला गोड. रिसबूड त्याला दिग्विजयराव म्हणत. तो त्यांना सर म्हणे. ऊर्जा व्यवस्थापकाने नेमकं काय करायचं असतं, हे दोघांपैकी कोणालाच नीट माहीत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने फार सलोख्यात गेले. रिसबूड इमारतभर फिरत आणि संडासातले दिवे बंद करत.

मग खंडेनवमी आली.

चिंचवडच्या कारखान्यात खंडेनवमी म्हणजे मोठा दिवस. आदल्या दिवशी यंत्रं पुसूनपुसून लख्ख करायची. नवमीला ती बंद ठेवायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ वाढवायचा, पेढे वाटायचे. त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याचा. रिसबूडांच्या मते यात चर्चेला जागाच नव्हती. ते दिग्विजयकडे गेले आणि म्हणाले, ‘‘उद्या हॉल तीनमध्ये यंत्रांची पूजा करू म्हणतो. आमच्या पद्धतीप्रमाणे, यंत्रं बंद ठेवून.’’ दिग्विजयच्या एका कानाला फोन होता आणि फोनवर परदेशी गिऱ्हाईक होतं. त्याने मोकळा हात हलवला. ‘‘हो हो सर, मस्त. करा करा.’’ पूजा म्हणजे फुलं, पेढे आणि फोटो, अशी त्याची कल्पना. बंद ठेवून हे शब्द त्याच्या त्या दुसऱ्या कानापर्यंत पोचलेच नाहीत.

हॉल तीन का, तर तो राखीव होता. सर्व्हर बघणारी श्रद्धा म्हणून यवतमाळची मुलगी होती, तिला रिसबूडांनी विचारलं होतं की राखीव म्हणजे कशासाठी.

‘‘गर्दीसाठी सर. खूप लोक एकदम बघायला लागले तर लोड इकडे येते.’’

‘‘असे एकदम कधी बघायला लागतात?’’

‘‘वर्ल्ड कप फायनलला.’’

‘‘ती तर गेल्या वर्षी झाली.’’

‘‘हो ना. आता पुढची तीन वर्षांनी.’’

तोवर हॉल तीनमधली शेकडो यंत्रं जुन्या मालिकांच्या नकला आणि नकलांच्या नकला पोटात घेऊन, दिवे मिचकावत, गार वाऱ्यात उभी होती.

पूजेला नियम आडवे आले. उदबत्ती लावली तर धुराची घंटा वाजणार, म्हणून ती नुसतीच खोचून ठेवली. नारळ बाहेर पार्किंगमध्ये फोडला. हळदकुंकवाची पूड यंत्रात जाते, म्हणून रंगीत टिकल्या चिकटवल्या. देवापुढे जाताना पादत्राणं काढायची ही आपली रीत, इथे उलट पायांत प्लास्टिकचे मोजे चढवावे लागले. पण यंत्रं बंद करण्याबाबत रिसबूड एक पाऊल मागे यायला तयार नव्हते.

‘‘सगळी शटडाऊन करायची सर?’’ श्रद्धाने विचारलं. ‘‘दिग्विजय सरांना विचारलं ना तुम्ही?’’

‘‘विचारलं. करा म्हणाले.’’

‘‘मी करून देते. पण काही झालं तर तुमचं नाव सांगीन बरं का.’’

तिने एकेक करून सगळी यंत्रं झोपवली. गार वाऱ्याचा प्लँट चालवणाऱ्या वैजनाथने कपाटांना माळा घातल्या. दिग्विजयने येऊन फोनवर पूजेचा व्हिडिओ घेतला आणि पेढा खाऊन गेला. यंत्रांचे सगळे दिवे विझलेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. माळा छान दिसत होत्या.

रिसबूड आपल्या टेबलाशी येऊन बसले. कोणीतरी बोंब मारेल म्हणून ते फोनकडे बघत होते. कुठल्यातरी आजीबाईंची मालिका अडकेल, कुणाचं बाळ गाण्यावाचून घास घेणार नाही. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, मग शनिवार-रविवार. सोमवारीही कोणी ओरडलं नाही. शेकडो यंत्रं बंद होती आणि उभ्या जगात एका माणसाला त्यांची उणीव भासली नव्हती. रिसबूडांना यंत्रांविषयी एक विलक्षण जवळीक वाटली. आपणही कारखान्यातून निघालो तेव्हा असंच झालं होतं, हे त्यांना आठवलं, आणि ते आठवून त्यांना वाईट वाटलं.

पण वाईट वाटणं मीटर बघेपर्यंतच टिकलं. मीटर असा उतरला होता की त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आयुष्यभर त्यांनी एकेक दिवा विझवून जी वीज वाचवली असेल, तेवढी इथे एका दिवसात वाचत होती. यंत्रं पुन्हा चालू करा असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती केली नाहीत. माळा सुकल्या, वैजनाथने त्या काढल्या, यंत्रांची सुट्टी चालूच राहिली. त्या दिवसांत रिसबूड घरी गुणगुणत जेवायला बसत. सुनीतीबाई एकदा म्हणाल्या, ‘‘अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?’’ बारा वर्षांनी नवरा आनंदात दिसला तर बायको आधी त्याची तब्येत विचारते.

महिना संपला आणि दिग्विजयने त्यांना बोलावलं.

‘‘सर, हॉल थ्रीचा काय सीन आहे? नंबर एकदम वर गेलाय. पूर्ण रेड दाखवतोय.’’

‘‘यंत्रं बंद आहेत. खंडेनवमीपासून. वीज वाचते आहे, मीटर बघा.’’

‘‘मीटर कोण बघतं सर? क्लायंट नंबर बघतो.’’

हा नंबर काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. डेटा पार्क किती काटकसरी आहे हे जगभर एकाच आकड्याने ठरवतात. पार्काने एकूण किती वीज घेतली, भागिले त्यातली सर्व्हरनी किती खाल्ली. आकडा जितका लहान तितके तुम्ही शहाणे. ऐकायला अगदी रास्त वाटतं. आता समजा, लग्नाचा खर्च मोजताना तुम्ही दर पानामागे मांडवाचा खर्च किती, एवढाच हिशेब ठेवलात. मांडव, आचारी, सनईवाले यांचे पैसे माणसं कितीही आली तरी जवळपास तेवढेच लागणार. मग पाहुणे कमी आले की तुमचा आकडा चढणार आणि तुम्ही उधळे ठरणार. रस्त्यावरचे फुकटे आणून पंगतीला बसवलेत की आकडा उतरणार आणि तुम्ही काटकसरी ठरणार. फुकट्यांनी किती जिलब्या हाणल्या, हे या हिशेबात कुठेच येत नाही. रिसबूडांनी वाघोलीच्या पंगतीतून फुकटे उठवले होते. मांडव तेवढाच राहिला होता.

‘‘दिग्विजयराव, विजेची बचत झालेली आहे,’’ रिसबूड शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. ‘‘आकडा बिघडला असेल तर तो आकड्याचा प्रश्न.’’

‘‘मला कळतं सर. मी पण इंजिनिअर आहे.’’ दिग्विजय खरंच समजूतदार होता. ‘‘पण क्लायंट हॉल थ्रीचे पैसे देतो, रेडी ठेवा म्हणून. वर आपण यावर्षी ग्रीन अवॉर्डला अप्लाय केलंय. आणि मार्चमध्ये तुमचं रिन्यूअल माझ्याच टेबलवर येणारे. तिथे मी काय लिहू? ऊर्जा व्यवस्थापक आले आणि एफिशियन्सी खराब झाली?’’

मग त्याने रिसबूडांसाठी चहा मागवला. तो धमकी देणारा माणूस असता, तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

रिसबूडांनी घरी येऊन सुनीतीबाईंना सगळं सांगितलं. बाई भाजी निवडत होत्या. पंगतीचा दाखला त्यांना लगेच पटला. बँकेत त्यांनी असे बरेच मांडव पाहिले होते.

‘‘म्हणजे वीज वाचवली तर नोकरी जाणार आणि जाळली तर राहणार.’’

‘‘जवळजवळ तसंच.’’

‘‘आणि तुम्हाला नेमलंय कशासाठी?’’

‘‘वीज वाचवायला.’’

बाईंनी पुढची जुडी घेतली. ‘‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी इतकी वर्षं काही म्हटलं नाही, आताही म्हणणार नाही.’’

हे वाक्य सरळ होतं. रिसबूडांनी ते रात्रभर उलटंपालटं केलं आणि त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढला. सकाळी त्यांनी हॉल तीन चालू करायला सांगितलं.

पण फुकटे पुन्हा पंगतीला बसल्यावर आकडा जिथे होता तिथेच आला. पारितोषिकाला तो आणखी खाली हवा होता. रिसबूडांनी प्रामाणिकपणे वारा थोडा कमी गार करून पाहिला, तर गिऱ्हाइकाचा तपासनीस घाबरला. जाण्यायेण्याच्या वाटेवरचे दिवे निम्मे केले, तर पहारेकरी कुंडीत पाय अडकून पडला. आकडा ढिम्म. शेवटी श्रद्धानेच तोडगा सुचवला. यंत्रं नुसती उभी आहेत म्हणून कमी वीज खातात. त्यांना काम द्यायचं, म्हणजे ती पोटभर खातील.

‘‘कसलं काम?’’

‘‘काहीही सर. एक व्हिडिओ घ्यायचा, छोटा करायचा, परत मोठा करायचा, डिलीट करायचा. मग परत पहिल्यापासून. प्रोग्रॅम दहा लाइनचा आहे.’’

‘‘याने कोणाला काय मिळणार?’’

‘‘आपल्याला नंबर मिळंल.’’

कुठला तरी व्हिडिओ हवा होता, तर तिच्या हाताशी दिग्विजयने घेतलेला खंडेनवमीचा व्हिडिओ होता. तोच तिने घातला. तेव्हापासून हॉल तीनमधली शेकडो यंत्रं आपल्याच विश्रांतीची पूजा लहान करत, मोठी करत, पुसून टाकत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. ती पूर्वी कधी तापली नव्हती इतकी तापली. वैजनाथला राखीव पडलेली वाऱ्याची यंत्रंही जोडावी लागली. एवढं करूनही मांडवाचा खर्च थोडाच वाढला आणि पानं मात्र भराभर वाढली, त्यामुळे आकडा छान उतरत गेला. दिग्विजयच्या भिंतीवरचा पडदा लालाचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवा झाला.

वैजनाथ परळीकडचा. एवढी यंत्रं अचानक कशात गुंतली, हे त्याने रिसबूडांना एकदा जेवायच्या सुट्टीत उन्हात उभं असताना विचारलं. रिसबूडांनी कधी नव्हे ते खरं सांगितलं. वैजनाथने ते ऐकलं आणि भाकरीचा घास नीट चावून खाल्ला.

‘‘आमच्याकडं लाइट गेली की लोक म्हणतेत, पुण्याला लागती,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटायचं, पुण्यात लई काम असंल.’’

त्याच्या बोलण्यात काही खोच नव्हती. रिसबूडांच्या डब्यात अजून निम्मं जेवण होतं. त्यांनी डबा झाकला आणि आत जाऊन स्वेटर घातला.

मार्चमध्ये पारितोषिक जाहीर झालं. निरंतर डेटा पार्क, वाघोली: विभागातला सर्वांत काटकसरी पार्क. समारंभ नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात, दुपारच्या जेवणासह. ट्रॉफी रिसबूडांनीच घ्यायची असं दिग्विजयने ठरवलं, आणि त्यात त्याचा मनाचा मोठेपणाही होता. ‘‘आणि सर, तुमचं लेटर तयार आहे,’’ तो म्हणाला. ‘‘यावेळी करार नाही, परमनंट. फंक्शन झालं की सही करून देतो.’’

सुनीतीबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ठेवणीतली साडी काढली. रिक्षात त्यांनी नवऱ्याच्या कॉलरवरचा दोरा काढला. बँकेत सगळ्यांना पेढे देऊन आले, असं त्यांनी सहज सांगितलं. बारा वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या नावाने पेढे वाटले नव्हते. रिसबूडांनी खिडकी नसलेल्या रिक्षात खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. सकाळीच त्यांनी मीटर पाहिला होता. पार्क सुरू झाल्यापासून एवढी वीज कधी लागली नव्हती.

‘‘खूपच वाचली म्हणायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘शेवटी जमवलंत हं तुम्ही.’’

हॉल तीन पुन्हा चालू केला, एवढं त्यांना माहीत होतं. दहा ओळींच्या प्रोग्रॅमचं रिसबूड घरी बोलले नव्हते. बायको आपल्यावर खूश आहे आणि चुकीच्या गोष्टीसाठी खूश आहे, हे त्यांना सहन होईना. नोकरी गेल्याचं दुःख त्यांना ठाऊक होतं. हे त्याहून वाईट होतं. नगर रस्ता येईपर्यंत त्यांचं ठरलं. आज सांगून टाकायचं. मग पत्र मिळो न मिळो.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त बडे अधिकारी होते. सूत्रसंचालिकेने रिसबूडांची ओळख करून दिली: नारायण पेठेतले हाडाचे पुणेकर, ज्यांच्या घरी पाहुण्यांना अंधारात चपला शोधाव्या लागतात. हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. सभागृह खुशीत आलं. ट्रॉफी हातात पडली. पाहुण्यांनी माइक पुढे केला. ‘‘रिसबूडसाहेब, यशाचं रहस्य सांगा की.’’

रिसबूडांनी माइक धरला. चेहरा गंभीर, आवाज सपाट, जसा तो नेहमी असे.

‘‘रहस्य सोपं आहे. आम्ही आधी बिनकामाची यंत्रं बंद केली. वीज वाचली, पण आकडा बिघडला. म्हणून मग ती सगळी चालू केली आणि त्यांना बिनकामाचं काम दिलं. ती आता एकच व्हिडिओ दिवसरात्र लहान करतात, मोठा करतात आणि पुसतात. वीज पूर्वीपेक्षा जास्त लागते. आकडा सुधारला. त्याबद्दल आपण मला हे दिलं आहे. आभारी आहे.’’

पहिल्या रांगेत दिग्विजयचा चेहरा पांढराफटक पडला. मग प्रमुख पाहुणे खो खो हसत सुटले. ‘‘हा खास पुणेरी तिरकसपणा,’’ ते डोळे पुसत म्हणाले, ‘‘चेहऱ्यावरची रेषा हलू न देता.’’ सगळं सभागृह हसलं. सर्वांत मोठ्याने दिग्विजय हसला. मागचे लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले. नारायण पेठेतला माणूस गंभीर चेहऱ्याने बोलला की तो टोमणा मारतोय असं धरून चालायचं, ही शहराची जुनी रीत. माइक अजून रिसबूडांच्या हातात होता.

जेवणाच्या रांगेत दिग्विजयने सही केलेलं पत्र त्यांच्या खिशात घातलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. श्रीखंडाच्या टेबलाशी दुसऱ्या एका पार्काचे व्यवस्थापक त्यांना जरा बाजूला घेऊन गेले. ते मघाशी हसले नव्हते. ‘‘तो प्रोग्रॅम तुमच्याकडे लिहिला कोणी?’’ त्यांनी हळूच विचारलं. ‘‘आम्हालाही पुढच्या वर्षी अर्ज करायचाय.’’ रिसबूडांनी श्रद्धाचं नाव सांगितलं. काही तरी सांगणं भाग होतं.

परतीच्या रिक्षात ट्रॉफी दोघांच्या मध्ये होती. ती जड होती आणि प्रत्येक खड्ड्याला सुनीतीबाईंच्या बाजूला कलंडत होती. येरवड्याला बाईंनी ती उचलून मांडीवर घेतली.

‘‘तुम्ही बोललात ते खरं होतं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मला वाटलंच. विनोद सांगताना तुम्हाला आधी स्वतःलाच हसू येतं. तसं आज आलं नाही.’’ त्यांनी मांडीवरची ट्रॉफी सावरली. ‘‘मग ते सगळे हसायला लागले. माझ्या पुढचा तो उंच माणूस टाळ्या वाजवायला उभा राहिला, त्यामुळे मला पुढचं काही दिसलं नाही. माइक होता ना तुमच्या हातात?’’

‘‘होता.’’

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

पुढे सिग्नल लाल होता आणि रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. रिसबूडांच्या खिशातलं पत्र छातीला टोचत होतं.

‘‘मीही हसलो,’’ ते म्हणाले.